कादंबरीवर शेरे मारणारे साहेब

लक्ष्मीबाई नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आणि ऑफिसात माझ्या डोक्यावर बसलेल्या साहेबांइतका कोरडा माणूस अख्ख्या दिल्लीत दुसरा नसेल, असं मी कोणालाही शपथेवर सांगितलं असतं. सरकारी क्वार्टर कोणाला द्यायचं आणि कोणाकडून कधी काढून घ्यायचं, हे आमच्या सेक्शनचं काम. समोर माणूस रडायला लागला की साहेब त्याला पाण्याचा ग्लास देत आणि त्याच हाताने अर्जावर ‘नियमात बसत नाही’ असं लिहीत. कथा-कादंबऱ्यांबद्दलही त्यांचं मत ठाम होतं. “जी माणसं कधी झालीच नाहीत, त्यांच्या भानगडी मी का वाचू?”

मग एकदा बसमधून उतरताना त्यांचा पाय मोडला. पत्नी पुण्याला मुलाकडे, हे इथे एकटे, प्लास्टरमध्ये. माझ्या बायकोने डब्याबरोबर इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातली एक जाडजूड कादंबरी वर पाठवली. आठवड्याने ती परत आली आणि मी हादरलोच. पानोपानी शेरे! ‘सुनेचे म्हणणे ऐकून न घेता सासऱ्याने एकतर्फी निर्णय घेतला आहे. फेरविचार व्हावा.’ खाली सही, तारीख. पुढच्या कादंबरीत एका शिंप्याची दृष्टी जात होती, त्या पानावर लाल शाईत ‘तातडीचे’. वाचनालय सांभाळणाऱ्या बाई मला नाही नाही ते बोलल्या. प्लास्टर निघालं तरी खूळ काही निघालं नाही. एके दिवशी साहेब ऑफिसलाच आले नाहीत. घाबरून वर गेलो, तर स्वारी खिडकीशी, डोळे सुजलेले. “शिंपी गेला हो,” म्हणाले. मी त्यांना चहा करून दिला, चार समजुतीचे शब्द बोललो आणि जिना उतरताना लक्षात आलं, की आपण न जन्मलेल्या माणसाच्या दुखवट्याला जाऊन आलो.

इथवर गंमत होती. त्या डिसेंबरात सरोजिनी नगरमधल्या एका विधवा बाईंचा अर्ज आला. नवरा सरकारी क्लार्क होता, तो वारल्यावर क्वार्टरमध्ये राहायची मुदत संपत आली होती. मुलीची मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, तोवर राहू द्या, एवढंच मागणं. मी दोन ओळी लिहिल्या, ‘मुदत संपत आहे. नामंजूर करावे,’ आणि जेवायला गेलो. साहेबांनी सही केली नाही. फाइल मिटली आणि ऑटो करून ते थेट त्या बाईंच्या दारात गेले. अठरा वर्षांच्या नोकरीत आमच्या सेक्शनमधल्या कोणी अर्जदाराचं घर पाहिल्याचं मला आठवत नाही. परत आले ते फाइलसाठी तीन पानांचं टिपण लिहीतच. सामान आधीच बांधून ठेवलंय, मुलगी ट्रंकेवर बसून गणितं सोडवते, आई शेजाऱ्यांना चाहूल लागू नये म्हणून नळ सोडून रडते. साहेबांच्याही वरच्या अधिकाऱ्याने ती पानं परत पाठवली. “ये नोट है या नॉवेल?” अर्ज फेटाळला गेला.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आमच्या जिन्यात ट्रंका वाजल्या. साहेबांनी मायलेकींना आपल्या घरी आणलं होतं. दोन्ही खोल्या त्यांना दिल्या आणि दिल्लीच्या त्या थंडीत स्वतःची खाट व्हरांड्यात टाकली. घरात दुसरं कुटुंब ठेवायच्या परवानगीचा रीतसर अर्ज माझ्याच टेबलावर आला. मी थक्क होऊन वर गेलो. “साहेब, हे काय चालवलंय?”

“त्या शिंप्यासाठी मला काही करता येत नव्हतं हो,” ते मफलर गुंडाळत म्हणाले. “इथे येतंय.”

पुढे साहेब निवृत्त होऊन पुण्याला गेले. वर आता दुसरं कुटुंब आहे. पण त्या वर्षीचा निकाल लागला तो दिवस माझ्या मनातून जात नाही. मुलगी फर्स्ट क्लासमध्ये पास झाली आणि पेढ्यांचा डबा घेऊन आमच्याही दारात आली. “अंकल, आप लोगों ने बहुत साथ दिया,” म्हणाली आणि वाकून पाया पडली. तिच्या आईच्या अर्जावरच्या त्या दोन ओळी कोणाच्या होत्या, हे साहेबांनी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मी पेढा घेतला. ती जिना चढून दिसेनाशी झाली, तरी तो माझ्या हातातच होता.