खडे वेचायची रांग

दिघाशीच्या चिंधूमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मनात आलं, हा कसला प्रशिक्षक. त्यांना खाली बसताच येत नाही, हे मला नंतर कळलं. तरुणपणी ते गावच्या संघातून फुटबॉल खेळले आणि बत्तिसाव्या वर्षी त्यांचा उजवा खुबा कामातून गेला. गावजेवणात पंगत मांडी घालून बसायची, मामा ओट्यावर पाय सोडून जेवायचे. मानकोलीच्या एका गोदामाच्या गेटवर त्यांची रात्रपाळी असे. ड्युटी सुटली की घरी न जाता ते थेट मैदानावर येत.

मैदानाला लागूनच भरावाच्या गाड्यांचा रस्ता आहे, त्यामुळे रोज खडी सांडलेली असायची. चेंडू काढण्याआधी सगळ्या मुलामुलींनी एका ओळीत उकिडवं बसायचं आणि तसंच पुढे सरकत खडे वेचायचे, असा मामांचा नियम होता. ते काठी टेकत मागून चालायचे.

माझी मनाली तेव्हा पंधरा वर्षांची होती. सकाळी मैदान, संध्याकाळी भाड्याच्या टर्फवर सराव, रविवारी सामने. जांघेत दुखतं म्हणायची. वाढीचं वय आहे, होतं असं, हे माझं ठरलेलं उत्तर. मी विज्ञानाची पदवीधर, त्यामुळे माझं उत्तर घरात कोणी तपासत नसे.

जिल्ह्याच्या निवडीला आठ दिवस असताना मामांनी तिला बाकावर बसवलं. मी जाब विचारायला गेले.

"ताई, मनाली खडं येचताना बसत न्हाय. पाय लांब करून वाकते. माझं बी आसंच सुरू झालेलं. खुब्याचा फोटो काढून घ्या, तवर खेळवू नका."

"गेटवर गाड्यांचे नंबर लिहिता, आता हाडांचे डॉक्टरही झालात?"

ते हसले. "डाक्टर न्हाय ताई, पेशंट हाय."

माझा राग त्या हसण्याने वाढला. घरी येऊन मी पालकांच्या ग्रुपवर एक वाक्य लिहिलं: 'चिंधूमामा मुलींना रोज उकिडवं बसायला लावतात आणि मागे उभे राहून बघतात.'

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मुलगेही त्याच रांगेत असत, एवढंच मी लिहिलं नाही. कोण काय समजेल, ते मला लिहितानाच ठाऊक होतं. तीन दिवसांत क्लबच्या लोकांनी मामांना येऊ नका म्हणून सांगितलं. मनाली निवड चाचणी खेळली, तिची निवडही झाली. मी पेढे वाटले.

पुढे दहा महिने ती तशीच खेळली. मग एका सकाळी तिला मोजा घालायला गुडघा पोटाशी आणता येईना. ठाण्याच्या डॉक्टरांनी एमआरआय पडद्यावर दाखवला. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत फिरतो, तो मनालीचा नीट गोल नव्हता. गोळ्याखाली, मांडीच्या हाडाच्या मानेपाशी, उंचवटा होता आणि पाय दुमडला की तो वाटीच्या कडेवर घासायचा. तिथली कूर्चा, म्हणजे सांध्यातलं मऊ अस्तर, फाटली होती. वाढीच्या वयात रोज जोराचा खेळ असलेल्या काही मुलांमध्ये हा उंचवटा तयार होतो, असं ते म्हणाले. गेलेली कूर्चा परत येत नाही. वेळेत थांबवलं असतं तर कदाचित एवढी गेली नसती.

"बसण्यातला फरक आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. मनालीने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

आज संध्याकाळी मी मानकोलीला गेले. मामांनी स्वतःची खुर्ची मला दिली आणि गेटला टेकून उभे राहिले. सीताबाईला, म्हणजे बायकोला, त्यांनी सांगितलं होतं की ड्युटी वाढली म्हणून मैदान सोडलं. खरं कारण गावातल्या एकाच्या मोबाइलवरून तिच्यापर्यंत गेलंच. तेव्हापासून ती त्यांना बरोबर न घेता देवळात एकटी जाते.

मी माफी मागू लागले, तर त्यांनी आधी विचारलं, "पोर आता बसते काय?"

मी नाही म्हटलं आणि पुन्हा माफीकडे वळले, तसं त्यांनी हाताने थांबवलं.

"मला सांगून काय व्हनार ताई. जिथं लिवलं तिथं लिवा."

मघाशी ग्रुपवर लिहिलं. रांगेत मुलगेही असत. कोणाला बसता येत नाही, हे पाहायला मामा मागे असत. माझ्या मुलीचं दुखणं त्यांनी ओळखलं होतं आणि मी ते डॉक्टरांपासूनही लपवलं.

थोड्या वेळाने मदीहाच्या आईचा, उज्माचा, मेसेज आला. तिची मुलगी मनालीबरोबर खेळायची. 'मग तेव्हा तसं का लिहिलंत?'

तीन उत्तरं लिहून पुसली. गैरसमज झाला, काळजी वाटली, घाईत लिहिलं. शेवटी जे होतं ते लिहिलं: 'माझ्या मुलीला बाकावर बसवलं म्हणून.'