एकट्याला उचलवेल असा नांगर

बाबा जहाजावरून कायमचे घरी आले, त्या वर्षी माझं कॉलेज संपलं होतं. त्यांची सगळी नोकरी मालवाहू जहाजांच्या डेकवर गेली. ते वर्षातून एकदा यायचे आणि मला त्यांच्याशी बोलायची सवय होईपर्यंत परत जायचे. त्यांच्या पगारावर मी शहापूरला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. मुरबाडकडच्या आमच्या गावात माझं मराठी पुस्तकी वाटायचं, म्हणून मी कमी बोलायचे. आता आम्ही दोघंही घरी आलो, आणि आई दोघांनाही पाहुण्यांसारखं ताट वाढून द्यायला लागली.

महिन्याभरात बाबांनी एक जुनी शिडाची बोट विकत घेतली. ती अलिबागकडच्या एका खाडीत उभी होती. दिवाळीनंतर निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचं, जमलं तर पुढे. रोज संध्याकाळी एखाद्या खाडीत शिरून नांगर टाकायचा आणि बोटीतच झोपायचं.

"जन्मभर पगार घेऊन पाण्यात राह्यलात, आता पदरचं घालून राहा," आई म्हणाली. "मी नाय यायची. मला तळ्यावर धुणं धुताना पण गरगरतं."

मला कोणी विचारलं नाही. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी उठून पाणी आणायला गेले.

बोटीच्या आधीच्या मालकाने सामानाचा एक जाडजूड इंग्रजी कॅटलॉग दिला होता. बाबा जहाजावरचं इंग्रजी भराभर बोलायचे, पण बारीक अक्षर वाचताना अडायचे. म्हणून दुपारी ओटीवर बसून मी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते पहिलंच काम.

नांगर त्याच्या वजनाने बोट धरतो अशी माझी समजूत होती.

"वजन नुसतं तळाला न्यायला," बाबा म्हणाले. "धरतो तो रुतून. दोर आखूड दिला तर तो वर खेचला जातो, सुटतो. लांब दिला की आडवा पडतो, शिरतो खाली."

मुंबईच्या भंगारबाजारातून त्यांनी दोन जुने नांगर आणले. एक चपट्या दोन पात्यांचा, दुसरा शेतातल्या नांगराच्या फाळासारखा. मे महिन्यात गावच्या तळ्याचं पाणी मागे सरलं आणि काठाला दाट गाळ उघडा पडला, तेव्हा बाबांनी दोन्ही तिथे नेले. ओढायला शेजारच्या काकांची बैलजोडी होती, पौषात म्हशाच्या गुरांच्या जत्रेतून आणलेली.

"दादा, भात लावताय का मासं?" काका म्हणाले.

"तू हाक रे. हळू हाक."

पहिल्या ओढीला दोन्ही नांगर घट्ट बसले. बैल थांबले, काकांनी च्यक्‌ च्यक्‌ केलं तरी हलेनात. मग बाबांनी जोडी वळवून उलट्या बाजूने ओढायला लावली, कारण खाडीत भरती-ओहोटी फिरली की बोटही फिरते. चपटा उपटून आला. पात्यांमध्ये गाळाचा गोळा अडकला होता, आणि पुढे तो नुसता घसरतच राहिला. दुसरा कुशीवर वळला आणि पुन्हा आत गेला. बाबा हसले. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

आता प्रश्न उरला आकाराचा. भंगारातला तो फाळाचा नांगर आमच्या बोटीला लहान होता. कॅटलॉगमधल्या तक्त्याप्रमाणे खूप जड लागणार होता, वर त्याची साखळी वेगळी. बाबांचा उजवा खांदा जहाजावर दुखावलेला. तेवढं वजन ओढवतं का ते बघायला त्यांनी आईचा पाटा दोराने बांधला आणि विहिरीत सोडला.

"माझा पाटा!" आई मागच्या दारातून ओरडली. "वाटण काय नांगरावर वाटू?"

बाबा ओढायला लागले. अर्ध्यावर त्यांचे हात थांबले, मान लाल झाली. मी मागून दोर धरला. पाटा सरसर वर आला.

"दोघांना जड नाय," ते धापा टाकत म्हणाले.

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते पाटा पुसत होते.

पुढचे कितीतरी दिवस मी ते वाक्य त्यांच्या वतीने मनात म्हणून पाहिलं. 'तू येतेस का गो?' मला स्वतःहून म्हणता आलं असतं, मी येते. पण त्या घरात मी आजवर काही मागितलंच नव्हतं. कसं मागतात ते मला ठाऊक नव्हतं.

त्याच दिवसांत कॅटलॉगच्या शेवटी मला एक पान दिसलं. बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला बसवायची, हाताने चालवायची चरखी. दांडा पुढेमागे करायचा, साखळी थोडी थोडी वर येते, सुटत नाही. मी ते पान उलटलं आणि त्याबद्दल काही बोलले नाही.

एका दुपारी बाबांनी चष्मा काढून ठेवला. "हलकाच घेऊ. एकट्याला तोच झेपंल."

"वाऱ्यात धरेल?"

"रोज काय वारा नसतो."

हे त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, आणि मला कळलं की त्यांना भीती वाटते आहे, तरी ते जाणार आहेत. मी ते पान काढलं. सगळं वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून, सावकाश.

"म्हंजे मोठा घेता येईल," ते म्हणाले. "एकट्याला जमंल."

"हो. जमेल."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. शाळेत बक्षीस मिळाल्यावर इतरांचे वडील मारत तशी.

दिवाळीनंतर आई आणि मी त्यांना पोचवायला खाडीवर गेलो. सामान चढवून झालं. बाबा पुढे जाऊन बसले आणि दांडा मारायला लागले. साखळी कडकड करत वर आली, तिच्यामागून नांगर, काळ्या चिखलाने माखलेला. बोट सुटली. पण वारा पडला होता, शीड भरेना. ती आमच्यासमोरच हळूहळू गोल फिरत राहिली, हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर.

"काय तरी बोल ना त्यांना," आई म्हणाली.

मी हात वर केला. त्यांनीही केला. त्यानंतर आम्हाला दोघांनाही काही सुचेना, आणि बोट जाईपर्यंत तिथून निघताही येईना.