गाडी डावीकडे ओढते

कंपनीत ह्यांचा हात कापला तेव्हा मी घरी शेजारणीच्या ब्लाउजला हुक लावत बसले होते. ह्यांच्याच शिफ्टमधल्या एकाचा फोन आला. "वहिनी, घाबरू नका, थोडं लागलंय," तो म्हणाला. पण त्याचा आवाजच असा होता की थोडं नाही हे मला तिथंच समजलं. कंपनीत रसायनं ज्यात शिजवतात त्या रिॲक्टरमध्ये काय चाललंय ते बघायला वर एक जाड काच बसवलेली असते. ती फुटली आणि तिचा तुकडा ह्यांच्या उजव्या मनगटात आतपर्यंत शिरला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा हे शुद्धीवर होते. मला बघून म्हणाले, "अगं, दुखत नाहीये फारसं." दुखत नाही ही वाईट खूण असते, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं?

हे मूळचे जळगावकडचे. तरुणपणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आले आणि बोईसरचेच होऊन गेले. माझं माहेर वाणगावचं, तिथं भावाची चिकूची वाडी आहे. आम्हाला एकच मुलगी. ती पुण्याला नोकरी करते.

मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले, नस पार तुटली होती, जोडली आहे, पण नस फार सावकाश वाढते, धीर धरा. टाके निघाले, जखम भरली, वरून बघणाऱ्याला हात चांगला दिसायला लागला. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं मात्र ह्यांची राहिली नव्हती. पालघरला फिजिओथेरपीला जायचो, तिथल्या बाईंनी एकदा ह्यांना डोळे मिटायला लावले आणि हातात घराची किल्ली ठेवली.

"काय आहे हातात?"

"अजून काही ठेवलं नाही तुम्ही," हे म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

बाईंनी घरी करायचे व्यायाम दिले. मळलेल्या पिठासारखा एक गोळा दाबायचा, कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे आणि काढायचे. हे दोन दिवस करायचे, तिसऱ्या दिवशी गोळा कपाटावर टाकून द्यायचे. "मी काय बालवाडीत आहे?" म्हणायचे. ज्या माणसानं उभा जन्म व्हॉल्व्ह फिरवण्यात काढला, त्याला चिमटे लावायला सांगणं मलाही बरं वाटत नव्हतं. दिवसभर खुर्चीत बसून टीव्हीकडे बघायचे. आवाज बंद असला तरी त्यांच्या लक्षात यायचं नाही.

दिवाळीत मुलगी आली. एक दिवस ती गप्प राहून सगळं बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरून आपली कॉलेजातली बॅग काढली. त्यात तिचा जुना लॅपटॉप होता आणि गेम खेळायचा कंट्रोलर होता. बारावीच्या वर्षी ह्याच कंट्रोलरवरून बापलेकीची केवढी भांडणं झाली होती. आता तिनं तो पदराला पुसावा तसा ओढणीला पुसला आणि ह्यांच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, ह्या उजवीकडच्या स्टिकवर अंगठा ठेवायचा. मी सेटिंग बदलून देते. एरवी गाडी डाव्या अंगठ्यानं वळवतात, तुम्ही उजव्यानं वळवायची. चिमट्यांपेक्षा बरं ना?"

"ह्या वयात गेम खेळू?"

"व्यायाम समजा."

ती पुण्याला गेली त्याच दिवशी कंट्रोलरचं लॅपटॉपशी जोडलेलं कनेक्शन तुटलं. मग आमची शाळा सुरू झाली. ती फोनवरून सांगायची, मी फोन कानाला लावून करायचे आणि हे बाजूला बसून माझ्या चुका काढायचे. वरचं बारीक बटण दाबून धरायचं, दिवा भराभर लुकलुकला पाहिजे, मग लॅपटॉपच्या यादीत त्याचं नाव येतं, त्यावर टिचकी मारायची. आमचा दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. "चार्ज नसेल," मुलगी म्हणाली. चार्ज केला. पुन्हा तेच. "वायरनं थेट जोड." जोडला, तर लॅपटॉपला पत्ताच नाही. शेवटी मी वायर घेऊन स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "भाभी, ये तो सिर्फ चार्जिंगवाली केबल है. इससे कंप्यूटर को कुछ समझेगा नहीं." नवी केबल आणली, जोडली आणि पडद्यावर गाडी घरघरायला लागली. हे खुर्चीत पुढे सरकून बसले. अपघातानंतर पहिल्यांदा मी त्यांना असं पुढे सरकून बसलेलं बघत होते.

त्यानंतर रोज सकाळी नाश्ता झाला की हे लॅपटॉपसमोर बसत. मी मशीनवर, हे टेबलाशी. रस्ता डोंगरातून जायचा, दोन्ही बाजूंना झाडं. आणि गाडी काही वेळ नीट गेली की हळूच डावीकडे सरकायची, कठड्याला घासायची, मग दरीत. पुन्हा सुरुवात. पुन्हा डावीकडे.

"माझाच अंगठा ओढतोय," हे म्हणाले.

"तुम्ही दाबताय का?"

"तेच तर कळत नाही ना मला!"

एवढ्या मोठ्यानं ओरडले की माझ्या हातातलं कापड सुटलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला वाटतं मी सरळ धरलाय. डोळ्यांना दिसतं सरळ आहे. तरी गाडी जाते. म्हणजे हा आपल्या मनानं काहीतरी करतोय."

अंगठा आपल्या मनानं काहीतरी करतोय, हा विचार त्यांच्या डोक्यात घट्ट बसला. जेवताना त्याच्याकडे बघत बसायचे. एकदा मी आत आले तर त्यांनी बर्फाच्या कांडीची काडी अंगठ्याला चिकटपट्टीनं बांधली होती आणि तशा ताठ अंगठ्यानं खेळत होते. गाडी डावीकडेच गेली. त्यांनी चिकटपट्टी दातांनी ओढून काढली, कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि नंतर कित्येक दिवस त्या टेबलाकडे फिरकले नाहीत.

मी मुलीला सांगितलं. तिनं गाडी नक्की कशी जाते ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "आई, फोन स्पीकरवर टाक आणि बाबांना बोलाव."

हे नाराजीनंच आले.

"बाबा, गाडी चालू करा. झाली? आता कंट्रोलर टेबलावर ठेवा. हात काढून घ्या. दोन्ही हात मांडीवर."

"मग गाडी कोण चालवणार?"

"कोणी नाही. नुसतं बघा."

आम्ही तिघं बघत होतो, म्हणजे दोघं बघत होतो आणि ती पुण्यात ऐकत होती. गाडी जागची हलली नव्हती, पण तिची पुढची चाकं आपोआप डावीकडे वळली आणि तशीच राहिली.

"चाकं वळली," हे म्हणाले.

"कुणी हात लावला?"

"कुणी नाही."

"स्टिक झिजलीय बाबा. आतून मधोमध परत येत नाही. तिला वाटतं कुणीतरी डावीकडे दाबतंय. जुन्या कंट्रोलरचं होतं असं. मीच बारावीत रगडलाय तो. तुमच्या अंगठ्याचा काही दोष नाही."

हे हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळे पुसायला लागले, तेही डाव्या हातानं. "अगं, विचार करून करून माझ्यावर वेडं व्हायची पाळी आली होती," मला म्हणाले. मीही हसले. त्या दिवशी मी शिरा केला.

पुढचे काही दिवस घरात वेगळीच हवा होती. ह्यांनी कंट्रोलर दुरुस्त करायला घेतला. कानात घालायची कापसाची काडी स्पिरिटात बुडवून स्टिकच्या बुडाशी फिरवायची, स्टिक गोल गोल हलवायची, सुकू द्यायची. मी धरायचे, ते डाव्या हातानं पुसायचे. सुधारला, दोन दिवसांनी पुन्हा बिघडला. पण आता बिघडला की ते चिडत नसत, उलट मला बोलावून दाखवत, "बघ, हात लावला नाही तरी जातोय." फिजिओच्या बाईंना त्यांनी ही हकीकत रंगवून सांगितली. कंपनीतल्या सोबत्यांना फोन करून सांगितली. "पुढच्या महिन्यात मेडिकल आहे, मग येतोच कामावर," असंही त्यांना सांगितलं. मी स्वयंपाकघरात हे ऐकत होते. हात सुधारलाय असं कुणीच म्हटलेलं नव्हतं. कंट्रोलर बिघडलाय एवढंच सिद्ध झालं होतं. पण त्या दोन गोष्टी ह्यांच्या मनात एक झाल्या होत्या, आणि मला त्या वेगळ्या करून सांगायचं धैर्य झालं नाही.

मुलीनं नवा कंट्रोलर पाठवला. हा पहिल्या झटक्यात जोडला गेला. ती म्हणाली, खेळायच्या आधी एकदा तपासून घ्या. पडद्यावर एक गोल येतो आणि मधे एक ठिपका. स्टिक कडेनं पूर्ण फिरवायची, ठिपका गोलाच्या कडेकडेनं फिरला की सगळं ठीक.

मी आधी फिरवून बघितली. ठिपका छान गोल फिरला. मग ह्यांनी हातात घेतला.

ठिपका वर गेला, डावीकडे गेला. उजवीकडे खाली यायची वेळ आली, जिथं अंगठा तळहाताकडे वाकवावा लागतो, तिथं तो थबकला आणि सरळ मधे परत आला. ह्यांनी पुन्हा फिरवला. वर, डावीकडे, आणि परत मधे. गोलाचा एक तुकडा कोराच राहिला. हे दात आवळून, खांद्यापासून जोर लावून करत होते. कपाळावर घाम आला. अंगठा मात्र झोपल्यासारखा स्टिकवर पडून होता.

"कंट्रोलर..." हे म्हणाले आणि थांबले. मी आत्ताच फिरवून दाखवला होता.

"नवा आहे, सवय नाही अजून," मी म्हणाले.

त्यांनी लॅपटॉप बंद केला. हळूच, आवाज न करता. नंतर खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर कंपनीच्या बसेस सुटत होत्या.

मेडिकलला मी सोबत गेले. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. त्यानं ह्यांना शर्टाचं बटण लावायला सांगितलं, बोल्टावर नट चढवायला सांगितला. नट खाली पडला, हे वाकून उचलायला लागले, तर तो म्हणाला, "राहू द्या, काका." त्या 'राहू द्या'मध्येच सगळं आलं. रिॲक्टरवर ज्याला हाताला काय लागतंय ते कळत नाही त्याला पाठवता येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनीच नव्या मुलांना हे शिकवलं होतं.

मुलगी फोनवर विचारायची, "बाबा खेळतात का?" मी म्हणायचे, "हो, थोडं थोडं."

एका रविवारी ती म्हणाली, "आई, खोटं नको सांगू. ते गेमचं खातं माझं आहे. शेवटचं कधी खेळलं ते मला इकडे दिसतं."

पुढच्या शनिवारी ती न कळवता आली. बापाशेजारी जमिनीवर बसली. मग हे म्हणाले, "तुझा जुना होता ना, तो बिघडलेला. तोच बरा होता गं." तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, आणि त्यांनी डावा हात तिच्या केसांवर ठेवला. मी बाहेर जाऊन दोरीवरचे कपडे काढत बसले. वाळले नव्हते, तरी काढले.

कंपनी सुटली. माझा भाऊ वाणगावहून आला, म्हणाला, "भावोजी, घरात बसून काय करता? आमच्या वाडीत या. तुमी नुसता माल वेगळा करा, बाकी मानसं हायेत." हे नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा मागितला.

तेव्हापासून ते वाणगावला जातात. काढलेला चिकू लहान-मोठा वेगळा करायचा, मऊ पडलेला बाजूला टाकायचा. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीनं उजव्या हातात घेऊन दाबला, आणि पिकलेला फुटून रस मनगटावरून ओघळला तरी दाबतच राहिले. भाऊ म्हणाला, "भावोजी, डाव्यानं बघा. उजव्याला कळत नाय." हे मला भावानं सांगितलं, ह्यांनी नाही. आता डाव्यानं बघतात. काम चोख करतात, असं भाऊ म्हणतो. सोबतच्या बायका त्यांच्याशी बोलतात, ते फारसे बोलत नाहीत. पेट्यांना खिळे असतात, फांद्यांची टोकं असतात. एकदा मालाच्या पेटीवर रक्त दिसलं म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा ते ह्यांच्या अंगठ्याचं निघालं. हे काम करतच होते.

म्हणून संध्याकाळी ते घरी आले की मी आधी त्यांना हात धुवायला लावते. मग दिव्याखाली उजवा हात माझ्या हातात घेते आणि एकेक बोट उलटंपालटं करून बघते. ते दुसरीकडे बघत बसतात. कधी काटा असतो, कधी चीर असते, तिला हळद लावते. बरेचदा काहीच नसतं. मग मी पानं घेते आणि आम्ही जेवायला बसतो.