ग्रहवाले काका

तारांगणात सव्वीस वर्षं निवेदन करणाऱ्या माणसाला सगळे ग्रहवाले काका म्हणत. "शुक्र भारी आळशी," ते सांगायचे. "सूर्याभोवती फेरी मारून येतो, तरी त्याची स्वतःभोवतीची एक गिरकी पुरी होत नाही!" घुमटाखालच्या अंधारात हशा पिकायचा.

मग घशात गाठ निघाली. सोमवारी स्वरयंत्र काढायचं ठरलं, आणि डॉक्टरांनी बोलणं बंद करायला सांगितलं. तरी रविवारी दुपारी काका तारांगणातल्या खेळाला निघाले. काकूंनी दार अडवलं.

"उद्या जाणारच आहे तो आवाज," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मग जपून कुणासाठी ठेवू?"

काकू सोबत गेल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

काका शनीपर्यंत पोचले. "शनी पाण्यापेक्षा हलका. त्याला मावेल एवढा समुद्र मिळाला, तर तो..." पुढे नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा जोर लावला. पुन्हा हवाच. कुणीतरी गंमत समजून हसलं. काकांनी माईक दोन्ही हातांनी आवळून धरला.

"तर तो तरंगेल," काकू अंधारातून मोठ्याने म्हणाल्या. घरात रोज ऐकून त्यांना एवढं पाठ होतं. त्यापुढचं मात्र येईना. दिवे लावावे लागले.

शस्त्रक्रिया नीट झाली. काका वाचले.

परवा चार वर्षांच्या नातीने विचारलं, "आजोबा, चांदोबा पडत का नाही?" काकांनी घाईघाईने पाटी भरून उत्तर लिहिलं. तिला अजून वाचता येत नाही. ती थोडा वेळ थांबली आणि खेळायला निघून गेली.