माझ्या फोटोला हार

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला, अशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये! देवाशपथ, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. बरं, अगदी अक्षरन् अक्षर नाही. असे बघू नका हो माझ्याकडे! चहात साखर घालतोच की आपण.

तर आमच्याकडे लोणावळ्याला, वरच्या खोलीत, पोलंडची मार्टा नावाची मुलगी वर्षभर राहायला होती. पुण्याच्या कॉलेजात पर्यावरण शिकायची. शनिवारी भुशी धरणावर स्वयंसेवकांच्या टोळीबरोबर पर्यटकांनी फेकलेल्या बाटल्या वेचायची आणि रविवारी कुरवंडे गावावरून नागफणीचा सुळका चढायची. मी जन्म इथेच काढला, पण नागफणी मला फक्त खालून माहीत! तरी सांगायला काय जातंय? "तरुणपणी मी अनवाणी चढायचो," म्हणालो. तिने डोळे विस्फारले. माझं खरं मानणारं माणूस या घरात पहिल्यांदाच आलं होतं. मला चेव चढणार नाही तर काय होणार?

पहिल्याच आठवड्यात तिने बाहेरच्या खोलीतल्या आजोबांच्या फोटोकडे बोट दाखवलं. "काका, याला हार का?"

साधं सांगायचं ना, की बाई, आजोबा गेले! पण छे. म्हटलं, "घरातल्या सगळ्यात कर्तबगार माणसाला आमच्यात असा हार घालतात."

"मग तुमचा फोटो कुठे?"

"माझी किंमत कुणाला आहे या घरात!" मी मोठा उसासा टाकला.

तो उसासा मला वर्षाने भोवला.

मार्टाच्या जाण्याचा दिवस उजाडला. तिच्या बॅगेचं चाक निखळलं म्हणून मी बॅग घेऊन बाजारात गेलो. फोन घरी चार्जिंगला. तेवढ्यात या पोरीने काय करावं? माझा एक फोटो मोठा करून, फ्रेम करून आणला होता, तो आजोबांच्या शेजारी टांगला. झेंडूचा ताजा हार! समोर उदबत्ती! आणि ते सगळं मोबाइलवर टिपून बाटल्यावाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. खाली स्वतः शिकलेल्या मराठीत ओळ: 'काका, तुमची खूप आठवण येईल.'

त्या ग्रुपवर निम्मं लोणावळं आहे हो!

मी परतलो तर दाराशी चपलांचा ढीग. वाटलं, मार्टाला निरोप द्यायला आलेत. आमच्या बायकोचाही तोच समज. ती सकाळपासून पुऱ्या तळत होती, भिंतीकडे बघायला सवड कुणाला?

शेजारचे नाना पांढरा सदरा घालून बसले होते. "वहिनी, धीर धरा."

"कसला धीर? जाणाऱ्याला किती दिवस धरून ठेवायचं? तुम्ही पुऱ्या घ्या!"

नानांनी पुरी घेतली आणि शेजाऱ्याच्या कानाला लागले, "बाईने फारच धसका घेतलाय."

कोपऱ्यात एक बाई पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडत होती.

मी बॅग ढकलत आत शिरलो. सगळे एकदा भिंतीवरच्या हारातल्या माझ्याकडे, एकदा दारातल्या माझ्याकडे बघू लागले. नाना म्हणाले, "अरे! तुम्ही आहात?" त्या 'आहात'मध्ये मी आनंद शोधला. सापडला नाही.

"आम्ही दुकान बंद करून आलो हो!" मागून कुणीतरी कुरकुरलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. जवळच्या औंढे गावाहून पुतण्या बाळू.

"काकू, आमी निघालोय. आज्जीला अजून सांगितलं न्हाई, पर दारात लय मानसं जमल्यात. कुनीतरी बोलनार बगा!"

"बाळू, अरे मी बोलतोय!"

पलीकडे किंकाळी. फोन बंद.

त्याची आज्जी म्हणजे माझी आई, तिकडे बाळूकडेच असते. आई ऐंशीच्या पुढची, काळीज नाजूक. पोटचा पोर गेला हे कानावर पडलं तर? स्कूटर काढली. मागे मार्टा, "काका सॉरी, काका सॉरी" करत. रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी तुंबलेला! मी रडकुंडीला येऊन ओरडलो, "जाऊ द्या हो, मयत झालंय!"

एका मुंबईकराने काच खाली केली. "कोण गेलं?"

"मीच!" म्हटलं.

ताबडतोब वाट मिळाली.

औंढ्यात अंगण माणसांनी भरलेलं. आणि आई? ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलेली! मी जाऊन पायच धरले. "आई, तुला कुणी काही सांगितलं का गं?"

"सांगितलं की. मगाशीच."

"मग?"

"मंग काय? तू गेलास म्हनं. म्या इचारलं, कुनी सांगितलं? तर म्हनं, त्याच्याच घरातनं बातमी आलीया." आईने शेंग मोडली. "मंग शेंगा टाकून म्या कशाला उठू?"

अंगणात हशा पिकला. मार्टाने हळूच विचारलं, "काका, आज्जी काय म्हणाल्या?"

"म्हणाली, माझा मुलगा अमर आहे."

तिने मान डोलावली. खरं वाटलं तिला!

असो. आता पदरचं काय घातलं तेही कबूल करून टाकतो. ती कोपऱ्यातली रडणारी बाई.

कुणीच रडत नव्हतं हो.