पत्रिकेत नसलेलं नाव

देगलूरजवळच्या आमच्या शाळेत चौथीतली एक मुलगी धडा घडाघडा वाचायची. एक दिवस जवळ जाऊन पाहिलं, तर पुस्तक भलत्याच पानावर उघडं! सगळा धडा तोंडपाठ. मी तिला लई बोलले. घरी जाताना मात्र राग माझाच आला. वर्षभर शाबासकी देणारी मीच होते ना!

दुसऱ्या दिवशी पुस्तकं दप्तरात ठेवायला लावली आणि मुलांना घरातल्या लग्नपत्रिका आणायला सांगितल्या. आमच्याकडे पत्रिकेत पणजोबापासून पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळ्यांची नावं छापतात. ती कोण पाठ करणार? वर्ग बोट फिरवत अडखळत वाचू लागला.

आठवड्याभरानं ती मुलगी चुलतबहिणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन माझ्यापुढं उभी राहिली.

"मॅडम, तीनदा वाचली. सगळ्या काकांची नावं हायेत, बापाचं बी हाय. मायचं न्हाई."

मी वरपासून खालपर्यंत पाहिलं. खरंच नव्हतं. घरात एवढ्या जणांनी पत्रिका हाताळली होती, पण कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी माझा लाल पेन तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला आणि बापाच्या नावाच्या वर, सावकाश, मायचं नाव लिहिलं.