नातीसाठी शिवलेलं डुक्कर

बायकोचा उजवा हात मोडला तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून पडून. फळीवरचा शेंगदाण्याचा डबा काढायला चढली आणि डब्यासकट खाली आली. डब्याला काही झालं नाही, मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हाताला काम द्यायचं नाही असं बजावलं. तिनं मुकाट्यानं मान डोलावली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मात्र मला म्हणाली, "आता नातीची पिशवी कोन शिवायचं?"

"शिंप्याकडं टाकू," मी म्हणालो.

"शिंप्याला काय म्हनून सांगताव? डुक्कर शिवून द्या म्हनून?"

शेवटचं वाक्य ती इतक्या हळू बोलली, की मलाच वाकून ऐकावं लागलं.

झालं होतं असं. नात पुण्यात असते, पहिलीत आहे. दिवाळीनंतर एकदा व्हिडिओ कॉलवर तिनं आजीला विचारलं, "मला पिगीची बॅग शिवून देशील?" बायको म्हणाली, "देते की, त्यात काय." पिगी म्हणजे एखादी बाहुली असेल असं तिला वाटलं. फोन ठेवल्यावर सुनेनं फोटो पाठवला. गुलाबी रंगाचं, गोल पोटाचं, चपट्या नाकाचं डुक्कर, पाठीवर चेन आणि खांद्याला पट्टा. बायको बराच वेळ फोटोकडं बघत बसली. पण शब्द दिला होता, आणि नात नाताळच्या सुट्टीत येणार होती.

आता आमच्या घराविषयी सांगायला हवं. केजमध्ये आमचं कापडाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. दुकानामागंच घर. मी आणि थोरले भाऊ दोघं दुकान बघतो. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर. सकाळी अंघोळ, महादेवाची पूजा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, मग दुकान. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही. सुनेनं एकदा डॉक्टरांचा सल्ला सांगताना 'ते पांढरं' असा शब्द वापरला होता. अशा घरात डुक्कर शिवायचं म्हणजे मोठीच जोखीम होती.

"तुमीच शिवा," बायको म्हणाली. "मी सांगते, तुमी पायडल मारा."

मी नाही म्हणू शकलो नाही. चाळीस वर्षं कापडात काढली, त्यामुळं पिशवी म्हणजे काय मोठं, असंही आत कुठंतरी वाटत होतं. कापड कुठल्या गिरणीचं, धुतल्यावर किती आटेल, हे मी बोटांनी ओळखतो. कात्री न लावता दोन मीटर कापड टरकन फाडलं तर धागाभर इकडं-तिकडं होत नाही. पण हे सगळं सरळ रेषेत. डुकरात सरळ रेष कुठंच नसते, हे मला पहिल्या दिवशी कळलं.

काम दुपारी चालायचं. अण्णा जेवून तास-दीड तास झोपतात. तेवढ्या वेळात मी दुकान नोकरावर सोडून मधल्या खोलीत मशीनवर बसायचो. बायको शेजारी पलंगावर, गळ्यात अडकवलेला हात छातीशी धरून. गुलाबी कापड मी दुकानातल्याच ताग्यातून आणलं होतं. तिनं डाव्या हातानं वर्तमानपत्रावर आकृती काढली. डाव्या हातानं काढल्यामुळं ती आकृती थोडी आजारी दिसत होती.

पहिला दिवस मशीन शिकण्यात गेला. पायडल मारलं की चाक उलटं फिरायचं आणि धागा तुटायचा. अकरा वेळा तुटला. बाराव्या वेळेला बायको म्हणाली, "तुमी सायकल चालवायलाव का मशीन?"

दुसऱ्या दिवशी कापलं. कागद ठेवून खडूनं रेघ मारली आणि दोन तुकडे कापले, दोन्ही बाजूंचे. फार नीट कापले होते. मी ते कौतुकानं पलंगावर पसरले. बायकोनं पाहिलं आणि डोळे मिटले.

"काय झालं?"

"दोन्ही एकाच अंगाला तोंड करून हायेत. जोडल्यावर एक बीडला निघंल, एक अंबाजोगाईला."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. कापडाची सुलटी बाजू दोन्ही तुकड्यांना वरच होती. एक तुकडा उलटा करून जोडला असता, तर डुकराची एक कूस गुलाबी आणि दुसरी फिकट, धाग्यांची झाली असती. मी परत दुकानात गेलो. नोकरानं विचारलं, "मालक, हे गुलाबी कुनाला जायलंय?" मी म्हणालो, "घरात उशीचे अभ्रे करायलेत." आयुष्यात गिऱ्हाइकाशी मी कापडाबद्दल खोटं बोललो नाही, ते नोकराशी बोललो.

चौथ्या दिवशी दोन्ही बाजू, मधली पट्टी आणि चेन जोडून झाली. बायकोनं सांगितलं तशी पिशवी आतून बाहेर उलटवली. शिंप्याचं ते काम मला जादूसारखं वाटायचं. उलटवली, झटकली. डुकराला कान नव्हते.

"कान लावले होते की," मी म्हणालो.

बायकोनं चेन उघडून आत हात घातला. कान आत होते. मी ते उलट्या अंगाला शिवले होते. तिला हसू आलं, पण हसताना हात दुखला, म्हणून ती हसतही होती आणि 'आई गं' म्हणतही होती. मला राग आला होता, पण तिच्याकडं बघून मीही हसायला लागलो. हात मोडल्यापासून ती पहिल्यांदाच मनापासून हसली होती.

त्या हसण्यानंच घात केला. अण्णा जागे झाले आणि दारात येऊन उभे राहिले. पलंगावर गुलाबी जनावर पडलेलं, पोट फुगलेलं, नाक चपटं, दोन बटणांचे डोळे.

"हे काय?" अण्णांनी विचारलं.

मी मशीनच्या सुईकडं बघायला लागलो. बायकोनं डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "हत्ती."

अण्णांनी चष्मा लावला. पिशवी हातात घेतली, फिरवून बघितली.

"सोंड?"

"पिल्लू हाय, अण्णा. बारकी हाय सोंड."

अण्णांनी त्या चपट्या नाकावर बोट ठेवलं.

"आन सुळे?" ते म्हणाले. "सुळ्याबिगर हत्ती कसला? पांढरं कापड हाय का दुकानात?"

"हाय," मी म्हणालो.

"मग लावा दोन. चांगले ठसठशीत."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "आता लावावेच लागतेत." मी पांढऱ्या पॉपलिनचे दोन सुळे शिवले, आत कापूस भरला आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना हातशिलाईनं बसवले. ते जरा वर वळले, पण ठसठशीत झाले. आत गेलेले कानही उसवून बाहेरच्या अंगाला लावले.

पुढचे चार दिवस अण्णा रोज चौकशी करायचे. जेवताना विचारायचे, "हत्तीचं कुठवर आलं?" दुकानात गिऱ्हाईक नसताना म्हणायचे, "शेपूट बारीक ठिवा. हत्तीची शेपूट बारीक असती." मी हो म्हणायचो. बायकोला त्यांच्या भोळेपणाचं इतकं वाईट वाटत होतं, की तिनं त्यातल्या सोमवारी महादेवापुढं जास्तीचं बेलपान वाहिलं. मला म्हणाली, "एवढ्या देवमानसाला फसवायलोत आपन." शेपूट मी तिच्या सांगण्यावरून पिळाची केली होती. अण्णांना दिसू नये म्हणून ती मी आत दुमडून ठेवायचो.

आमच्याकडं दूध घेऊन येतो तो माणूस जवळच्या एका वाडीतला. त्याच्या आज्यापर्यंत घरची सगळी माणसं मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायची. आता त्याच्याकडं चार म्हशी आणि थोडी जमीन आहे. माणूस सरळ, बोलणंही तसंच. त्या दिवशी सकाळी अण्णा ओट्यावर उन्हात पेपर वाचत बसले होते. मी त्यांच्याच बाजूला बसून पट्ट्याचे शेवटचे टाके घालत होतो. त्यानं कॅन खाली ठेवला आणि माझ्या मांडीवर बघत राहिला.

"मालक, लई झ्याक झालंय की."

मी मान खाली घातली.

"हुबेहूब," तो म्हणाला. "असलीच दोन परवा माझ्या हरभऱ्यात घुसलती. हे सुळे बगा, असेच वर वळल्याले असत्यात. पर रानडुक्कर काळं असतंय, मालक. गुलाबी कावून केलंय?"

बायको दारात पातेलं घेऊन उभी होती. तिच्या डाव्या हातातलं पातेलं खाली आलं, पडलं नाही एवढंच. मी सुई बोटात टोचून घेतली. अण्णांनी पेपरची घडी केली, मांडीवर ठेवली आणि दूधवाल्याकडं बघून म्हणाले, "पोरीला काळं आवडत न्हाई."

दूधवाल्याला ते पटलं. त्यानं दूध मापून दिलं आणि गेला.

आम्ही तिघं ओट्यावर. शेवटी मीच विचारलं, "अण्णा, तुमाला कवा कळलं?"

"दिवाळी झाल्यावरच," अण्णा म्हणाले. "पोरीनं मला फोनवर सांगितलतं, आजी मला पिग शिवून देनार हाय म्हनून. पिग म्हंजी काय तेबी मीच विचारलं तिला. तिनं वरडून दाखवलं."

"मग सुळे कावून लावायला लावले?" बायको एकदम बोलली. अण्णांशी इतक्या चढ्या आवाजात ती कधी बोलत नाही.

"तुमी हत्ती म्हनलाव," अण्णा म्हणाले. "मी हत्तीबद्दल बोललो."

एवढं बोलून त्यांनी पेपर परत उघडला. पेपर हलत होता. अण्णा हसत होते हे कळायला मला जरा वेळ लागला, कारण त्यांना असं हसताना मी फार वर्षांत बघितलं नव्हतं.

मी सुळे काढायला निघालो, तर बायकोनं थांबवलं. तिचं म्हणणं, टाके उसवले तर भोकं दिसतील. खरं कारण मला वाटतं वेगळं होतं. चार-पाच दिवस तिनं ते सुळे बघितले होते आणि त्यांची सवय झाली होती.

नात आली ती सुनेबरोबर, दुपारच्या गाडीनं. मी पिशवी तिच्या हातात दिली. तिनं चेन उघडून बघितली, नाक दाबलं, शेपूट ओढली, सरळ केली आणि सोडली. पीळ परत बसला. ते तिला आवडलं असावं, कारण तिनं तसं पाच-सहा वेळा केलं. मग सुळ्यांना हात लावला.

"हे काय आहे?"

मी म्हणालो, "दात."

"पिगला असे दात नसतात, आबा."

"ह्याला हायेत."

तिनं विचार केला. तिचे समोरचे दोन दात तेव्हा पडलेले होते. "ह्याला खालून आले," ती म्हणाली, आणि विषय संपला. चेन दोन ठिकाणी अडकायची. तिथं मी मेणबत्ती घासून दिली. आठ दिवस त्या पिशवीत तिनं कंगवा, लिमलेटच्या गोळ्या, अण्णांच्या चष्म्याचं जुनं घर आणि अंगणातल्या चिंचा भरल्या. जेवताना ती शेजारी पाटावर ठेवायची. अण्णांनी पहिल्या दिवशी पाहिलं आणि आपला पाट चार बोटं सरकवला. दुसऱ्या दिवशी मात्र पाट हलला नाही.

परत जायच्या दिवशी आम्ही सगळे स्टँडवर गेलो. अण्णाही आले. गाडीला उशीर होता. बाकावर शेजारी एक वयस्कर बाई बसल्या होत्या, कपाळावर ठळक भस्म, गळ्यात रुद्राक्षाची माळ. त्यांनी नातीला जवळ घेतलं, पिशवीवरून हात फिरवला आणि प्रेमानं विचारलं, "काय गं बाळा हे? गनपती हाय व्हय?"

"नाही," नात म्हणाली. दात नसल्यामुळं ती प्रत्येक शब्द जोर लावून बोलायची. "डुक्कर आहे. आबांनी शिवलंय."

आजूबाजूच्या पाच-सात जणांनी माझ्याकडं बघितलं. त्यातली दोघं आमची जुनी गिऱ्हाइकं होती. मी गाडीच्या बोर्डाकडं बघायला लागलो. बाईंनी हात हळूच मागं घेतला आणि अण्णांकडं पाहिलं. त्यांच्या कपाळावरचे तीन पट्टे बघून बाईंना बहुतेक ह्यांच्याकडून खुलासा मिळेल असं वाटलं असावं.

अण्णा शांतपणे म्हणाले, "घरचंच हाय. काई करत न्हाई."

तेवढ्यात गाडी लागली. सून बॅगा घेऊन चढली. नातीनं खिडकीतून पिशवी बाहेर काढून तिचा एक पाय आमच्याकडं हलवला. गाडी वळून दिसेनाशी झाली, तेव्हा अण्णा म्हणाले, "पायाचा एक टाका सुटलाय. मी मगाशीच बगितलतं, पन पोरीसमोर बोललो न्हाई." मग आम्ही तिघं चहा प्यायला गेलो.